खोट्या वहीचे पुजारी

मागच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत, एडिसनला मुलीकडे होतो. तिथल्या एका मराठी घराच्या मागच्या अंगणात पन्नासेक माणसं जमली होती. वडापाव झाले, श्रीखंड झालं आणि मग बेसबॉलची प्रश्नमंजुषा सुरू झाली. प्रश्न विचारणारा तरुण हुशार होता, हातात कागद न धरता तारखांसकट बोलत होता. त्यानं विचारलं, "मेजर लीगमध्ये सर्वांत मोठ्या वयात पहिला सामना खेळलेला माणूस कोण?" अकरा-बारा वर्षांच्या एका मुलानं हात वर केला. "सॅचेल पेज. १९४८. वय ४२." टाळ्या पडल्या, पोराला टोपी मिळाली, पुढचा प्रश्न आला.

मी उभा राहिलो. "बेचाळीसच का?"

"म्हणजे, काका?"

"म्हणजे हा पिचर विशीपासून खेळत होता. बेचाळिसाव्या वर्षापर्यंत कुठं होता?"

"काका, तो वेगळा विषय आहे हो. आपण फक्त ट्रिव्हिया घेतोय."

वेगळा विषय! ते दोन शब्द त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेले नाहीत.

त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही. जे पाठ करायला दिलं ते त्यानं पाठ केलं. माझा राग देणाऱ्यांवर आहे. सॅचेल पेज १९२७ मध्ये बर्मिंगहॅमच्या ब्लॅक बॅरन्स संघाकडून चेंडू टाकत होता. त्याच्या जोडीचे पिचर त्या काळात फार थोडे होते. पण तो काळा होता, म्हणून गोऱ्यांच्या लीगनं त्याला वीस वर्षं दाराबाहेर ठेवलं. क्लीव्हलंडनं त्याला घेतलं १९४८ च्या जुलैत, उमेदीची सगळी वर्षं सरल्यावर. आणि तरीही त्या मोसमात त्यानं ६ सामने जिंकले, १ हरला. १९६५ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून तो बोस्टनविरुद्ध तीन इनिंग टाकून आला आणि एकही धाव दिली नाही. हे सगळं 'म्हातारा नवखा' या सदरात घालून त्यावर टोप्या वाटायच्या? एका माणसाची वीस वर्षं चोरली गेली आणि चोरीचा पंचनामा लहान मुलांसमोर गंमत म्हणून वाचला गेला.

शिवाय उत्तर चुकीचंच होतं. डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलनं १९२० ते १९४८ या काळातल्या, काळ्या खेळाडूंच्या सात निग्रो लीगना (हेच त्यांचं त्या वेळचं नाव) मेजर दर्जा दिला. त्या हिशेबानं पेजचं पदार्पण १९२७ चं, ऐन विशीतलं. हे मी त्या तरुणाला सांगितलं. तो म्हणाला, "तो तांत्रिक मुद्दा झाला." ज्यांचा सगळा डोलारा आकड्यांवर उभा, त्यांना नकोसा आकडा समोर आला की तो तांत्रिक होतो.

मी एकतीस वर्षं सहकारी संस्थांच्या वह्या तपासल्या. पतपेढ्या, दूध संस्था, एक सूतगिरणी. रोजकीर्द, खतावणी, ताळेबंद यांत आयुष्य गेलं. त्या कामानं मला एक सवय लावली. आकडा दिसला की मी आधी बघतो तो कुणी लिहिला, कुणाच्या सांगण्यावरून लिहिला आणि खाली सही कुणाची. सोळा वर्षांपूर्वी मुलगी अमेरिकेत गेली, तिच्यामुळे बेसबॉल बघायला लागलो, आणि या खेळाच्या वहीच्या प्रेमातच पडलो. दीडशे वर्षांची वही! प्रत्येक सामन्याचा, प्रत्येक बॅटरचा हिशेब. आमच्या एकाही संस्थेनं अशी वही ठेवली असती तर मी तिचे पाय धरले असते. म्हणूनच तिच्यातली खाडाखोड बघून माझा जीव जळतो, आणि त्या खाडाखोडीला 'मजेशीर योगायोग' म्हणणाऱ्या शौकिनांचा मला संताप येतो.

१९१० चं प्रकरण घ्या. चाल्मर्स मोटार कंपनीनं जाहीर केलं की ज्या बॅटरची सरासरी सर्वांत जास्त त्याला गाडी. शर्यत दोघांत होती, डेट्रॉइटचा टाय कॉब आणि क्लीव्हलंडचा नॅप लाजवे. कॉबला वाटलं आपली आघाडी पुरेशी आहे, म्हणून तो शेवटच्या सामन्यांत उतरलाच नाही. कॉब कुणालाच आवडत नसे. शेवटच्या दिवशी, ९ ऑक्टोबरला, सेंट लुईसच्या मॅनेजरनं, जॅक ओ'कॉनरनं, आपल्या तिसऱ्या बेसवरच्या नवख्या पोराला पार मागे, हिरवळीवर उभं केलं. लाजवे चेंडूला नुसती बॅट लावून तिसऱ्या बेसच्या रेषेवर ढकलत राहिला आणि पहिल्या बेसवर पोचत राहिला. एका दिवसात, दोन सामन्यांत, ८ हिट. अधिकृत स्कोअररला नव्या कपड्यांचं आमिष दाखवलं गेलं ते वेगळंच. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनी चौकशी केली, ओ'कॉनरची नोकरी गेली आणि निकाल लागला की कॉब .३८५, लाजवे .३८४. कंपनीनं दोघांनाही गाड्या देऊन तोंडं बंद केली.

इथवरचं सगळ्या शौकिनांना पाठ आहे. ते हा किस्सा रंगवून सांगतात. पण खरी गोष्ट सत्तर वर्षांनी निघाली. पीट पामर नावाचा अभ्यासक जुन्या नोंदी तपासत असताना त्याला दिसलं की डेट्रॉइटचा एक सामना कॉबच्या खात्यावर दोनदा चढला आहे. तीन संधींत दोन हिट, आणि तेच पुन्हा तीन संधींत दोन हिट. एकच व्हाउचर दोनदा खर्ची टाकलेलं! माझ्या खात्यात हे कारकुनाकडून झालं असतं तर पहिल्या वर्षी ताकीद आणि दुसऱ्या वर्षी घरी. ती दोन हिट वजा केली की १९१० ची शर्यत लाजवे जिंकतो, आणि कॉबची कारकिर्दीतली विक्रमी हिट ४,१९१ ऐवजी ४,१८९ होतात.

१९८१ मध्ये हे छापून आलं. कमिशनर होते बोवी क्यून. त्यांच्यापुढे पुरावा होता, बेरीज होती, तारखा होत्या. त्यांनी दुरुस्ती नाकारली. इतकी जुनी नोंद आता हलवायची नाही, असा पवित्रा. जुनी आहे म्हणून खोटी बेरीज खरी होते हे मी पहिल्यांदाच ऐकलं. माझ्यासमोर एका दूध संस्थेचे चेअरमन असंच म्हणाले होते की साहेब, ही चूक माझ्या आधीच्या चेअरमनच्या वेळची. मी म्हटलं, चूक ज्याच्या वेळची असेल त्याची असो, सही आज तुमची आहे.

आणि क्यूनच्या नकाराचं फळ चार वर्षांनी सगळ्या देशानं पाहिलं. ११ सप्टेंबर १९८५, सिनसिनाटी. पीट रोझनं सॅन डिएगोच्या एरिक शोच्या चेंडूवर डावीकडे फटका मारला आणि त्याचं ४,१९२ वं हिट झालं. सामना थांबला, लोक उभे राहिले, रोझ पहिल्या बेसवर रडला, त्याचा मुलगा धावत आला, मैदानात लाल कॉर्व्हेट आणली गेली. सगळं अश्रूंसकट खरं होतं. दिवस तेवढा चुकीचा होता. खरा विक्रम तीन दिवस आधी, ८ सप्टेंबरला शिकागोच्या रिगली फील्डवर मोडला गेला, ४,१९० व्या हिटला. त्या क्षणी कुणी टोपी काढली नाही. रिगली फील्डवर त्या दिवशी बसलेल्या हजारो माणसांनी बेसबॉलचा सर्वांत मोठा विक्रम मोडताना पाहिला आणि त्यांना ते कुणी सांगितलं नाही. एका कमिशनरच्या हट्टापायी त्यांचा तो क्षण गेला तो गेलाच. प्रश्नमंजुषांत अजून '४,१९२' हे उत्तर धरतात.

आता याच्या शेजारी दुसरी नोंद ठेवा. हॅक विल्सन, शिकागो, १९३०. एका मोसमात सर्वाधिक धावा मिळवून देण्याचा त्याचा विक्रम १९० चा. १९९९ मध्ये ठरलं की त्या वर्षीच्या एका जुलैच्या सामन्यात त्याची एक धाव चार्ली ग्रिमच्या नावावर लागली होती. विक्रम १९१ करण्यात आला. उत्तम. एकोणसत्तर वर्षांनी का होईना, दुरुस्ती झाली. कमिशनर होते बड सेलिग.

अकरा वर्षांनी तेच सेलिग खुर्चीत होते. २ जून २०१०, डेट्रॉइट. आर्मांडो गॅलारागानं क्लीव्हलंडचे २६ बॅटर ओळीनं बाद केले होते. सत्तावीस झाले की परफेक्ट गेम, म्हणजे एकही माणूस बेसवर न पोचू देता जिंकलेला सामना. दीडशे वर्षांच्या खेळात असे सामने जेमतेम दोन डझन. सत्ताविसाव्यानं चेंडू जमिनीवर मारला, गॅलारागा स्वतः धावत पहिल्या बेसवर गेला, चेंडू झेलला, पाय बेसवर टेकवला. माणूस अजून पाऊलभर मागे होता. अंपायर जिम जॉइसनं हात पसरले. सुरक्षित! चित्रफितीत सगळ्यांनी चूक पाहिली. जॉइसनंही पाहिली, आणि तो माणूस रडला, कबूल झाला, गॅलारागाची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी गॅलारागानं त्याच्या हातात संघाची यादी दिली तेव्हा पुन्हा त्याचे डोळे भरले. गॅलारागानं पुढच्या बॅटरला बाद करून सामना संपवलाही होता, म्हणजे त्यानं त्या रात्री अठ्ठावीस माणसं बाद केली. चूक करणारा कबूल, ज्याचं नुकसान झालं तो शांत, पुरावा कोट्यवधी लोकांच्या डोळ्यांसमोर, सामन्याच्या निकालाला धक्का नाही. सेलिगनी निर्णय बदलला नाही.

एकोणसत्तर वर्षांपूर्वीची चूक दुरुस्त होते आणि एका रात्रीपूर्वीची होत नाही, हे कोणत्या हिशेबाच्या पुस्तकात बसतं? कारण मला दिसतं ते असं: विल्सनच्या १९१ नं कुणाचं आसन हललं नाही. कॉबची दोन हिट काढली असती तर दैवत हललं असतं. गॅलारागाचा निकाल फिरवला असता तर अंपायरचा अधिकार हलला असता. म्हणजे दुरुस्ती तिथंच करायची जिथं तिची किंमत शून्य आहे. असला लेखापरीक्षक माझ्या हाताखाली एक दिवस टिकला नसता.

मेजर लीगची १९९१ ची आकडेवारी समिती याहून वाईट. तिनं आकडे दुरुस्त केले नाहीत, व्याख्या बदलली, आणि बदलत्या व्याख्येच्या पात्यानं जुनी माणसं कापली. हार्वी हॅडिक्सला कापलं. २६ मे १९५९ ला पिट्सबर्गच्या या किरकोळ बांध्याच्या पिचरनं मिलवॉकीत जे केलं ते त्याआधी आणि त्यानंतर कुणीही केलेलं नाही. ओळीनं ३६ बॅटर बाद. बारा इनिंग परफेक्ट. पण त्याच्या संघाला लू बर्डेटविरुद्ध १२ हिट मारूनही एक धाव काढता आली नाही. तेराव्या इनिंगमध्ये तिसऱ्या बेसवरच्या माणसानं फेक चुकवली, पहिला माणूस बेसवर आला, आणि मग जो अ‍ॅडकॉकनं फटका मारला. हॅडिक्स १-० नं हरला. बत्तीस वर्षांनी समितीनं ठरवलं की नो-हिटर म्हणजे नऊ किंवा अधिक इनिंगचा सामना, आणि तो संपेपर्यंत एकही हिट नाही. हॅडिक्सला तेराव्यात एक हिट बसलं, म्हणून त्याचं नाव यादीतून गेलं. अँडी हॉकिन्सनं १९९० मध्ये यांकीजकडून शिकागोत एकही हिट दिलं नव्हतं, पण सहकाऱ्यांनी झेल सोडले, ४-० नं हार झाली. यजमान संघ पुढे असल्यानं शेवटची इनिंग खेळलीच गेली नाही, म्हणून हॉकिन्सच्या आठच इनिंग भरल्या. त्याचंही नाव गेलं. नवव्या इनिंगचा चेंडू त्याच्या हातात येणारच नव्हता, मग ती न टाकल्याचा दोष त्याच्या माथी कसा?

मराठी वाचकाला हे नवं नाही. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा त्या वेळचा प्रथम श्रेणीचा विक्रम ४५२. बरोबरीला नऊ धावा हव्या होत्या. काठियावाडच्या कर्णधारानं आणखी नामुष्की नको म्हणून सामनाच सोडून दिला. प्रतिस्पर्ध्यानं बॅट हातातून काढून घ्यावी आणि वहीनं ते निमूट लिहून घ्यावं! निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. आपले क्रिकेटशौकीनही '४४३' सांगताना 'थोडक्यात हुकलं' म्हणतात. हुकलं कुठं? हुकवलं.

त्याच १९९१ च्या समितीनं एक काम चांगलं केलं, तेही सांगतो. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसनं ६१ होमरन मारले आणि बेब रूथचा १९२७ चा ६० चा विक्रम मोडला. पण मोसम १५४ ऐवजी १६२ सामन्यांचा झाला होता. कमिशनर फोर्ड फ्रिक मोसम चालू असतानाच म्हणाले की १५४ सामन्यांत झाला नाही तर दोन्ही विक्रम वेगवेगळे लिहू. हे फ्रिक एकेकाळी बेब रूथच्या नावानं वर्तमानपत्रांत लेख लिहून देत. माझ्या व्यवसायात याला हितसंबंध म्हणतात, आणि असा माणूस त्या खात्याच्या तपासणीला बसत नाही. १९९१ ला तो भेद काढला. मॅरिस १९८५ लाच वारला होता.

बरं, आकडा मुळात येतो कुठून? या वहीचा पहिला कारकून हेन्री चॅडविक, इंग्लंडात एक्सेटरला जन्मलेला, क्रिकेटचा बातमीदार. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्यानं क्रिकेटच्या धावफलकावरून बेसबॉलचा तक्ता बेतला. त्याचं ऋण मोठं आहे, पण त्याच्या क्रिकेटी डोळ्याला पटलं नाही की न मारता बेसवर जाणं हेही कसब आहे. पिचरनं चार वाईट चेंडू टाकले आणि बॅटरनं ते संयमानं सोडले की त्याला पहिला बेस मिळतो, तो वॉक. चॅडविकनं तो पिचरचा दोष मानला आणि बॅटरच्या सरासरीतून वगळला. बेसवर पोचण्याचं प्रमाण अधिकृत आकडा व्हायला १९८४ उजाडलं. एडी योस्टची सरासरी .२५४, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्याला सुमार समजलं गेलं, आणि तो माणूस दर हजार वेळांत ३९४ वेळा बेसवर जात होता. एका कारकुनाच्या मतानं शंभर वर्षं लोकांचे पगार ठरले.

हिट आणि चूक यांतला फरकही माणूसच ठरवतो. जो डिमॅजिओची १९४१ ची ५६ सामन्यांची मालिका ही या खेळातली सर्वांत पूजलेली नोंद. त्यातल्या तिसाव्या सामन्यात त्याचा चेंडू वाकडा उसळून शिकागोच्या ल्यूक अ‍ॅपलिंगच्या खांद्यावर आदळला. स्कोअररनं हिट दिलं. त्या काळी स्कोअरर म्हणजे यजमान शहराचे वर्तमानपत्री बातमीदारच असत. निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. मी म्हणतो की ५६ हा आकडा ज्यांना हिमालयासारखा निसर्गनिर्मित वाटतो, त्यांनी त्या तिसाव्या दिवशी एका माणसाच्या पेन्सिलीत किती वजन होतं याचा विचार करावा.

मला निव्वळ गंमत कळत नाही असं कुणी म्हणेल. कळते, आणि जीव लावून कळते. स्टॅन म्युझियलची कारकिर्दीत ३,६३० हिट. घरच्या मैदानावर १,८१५ आणि बाहेर १,८१५. बावीस मोसमांची ही बेरीज पहिल्यांदा वाचली तेव्हा मी वही काढून पुन्हा मांडली होती, इतका आनंद झाला होता. ताळा जमल्याचा आनंद लेखापरीक्षकाला जितका होतो तितका कुणालाच होत नाही. ४ ऑगस्ट १९८२ ला जोएल यंगब्लडनं दुपारी शिकागोत मेट्सकडून हिट मारलं, त्याच दुपारी त्याची अदलाबदल झाली, आणि रात्री फिलाडेल्फियात माँट्रियलकडून दुसरं मारलं. समोरचे पिचर फर्गी जेंकिन्स आणि स्टीव्ह कार्लटन, दोघेही पुढे कूपर्सटाउनच्या बेसबॉल सन्मानदालनात गेले. असल्या नोंदी मी नातवाला झोपताना सांगतो. त्यात कुणाची पिळवणूक नाही.

पण जॉन पॅचोरेकची गोष्ट सांगताना मी थांबतो. अठरा वर्षांचा पोरगा, २९ सप्टेंबर १९६३, ह्यूस्टनकडून पहिला सामना. तीन संधींत तीन हिट, दोन वॉक, चार धावा. त्यानंतर पाठीच्या दुखण्यानं तो मेजर लीगमध्ये पुन्हा उतरलाच नाही. सरासरी १.०००. शौकीन म्हणतात, इतिहासातला अचूक बॅटर! मला त्या तीन शून्यांच्या मागे पाठ धरून पडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा दिसतो. तो दिसत नसेल तर आकडा वाचताच आलेला नाही.

आता मुख्य खात्यावर येतो.

मे २०२४ मध्ये निग्रो लीगचे आकडे अधिकृत वहीत मिळवले गेले. जॉश गिब्सन, कॅचर, होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स. कारकिर्दीची सरासरी .३७२. कॉबची .३६७ मागे पडली. १९४३ च्या एका मोसमात .४६६. फटक्यांच्या ताकदीचा जो आकडा, त्यात .७१८, बेब रूथच्या .६९० च्या वर. आणि लगेच ज्यांना खेळाच्या पावित्र्याची कधी फिकीर नव्हती त्यांचे गळे दाटून आले. सामने कमी होते. नोंदी अपुऱ्या होत्या. लीग कच्ची होती. एडिसनच्या त्याच अंगणात मी हे तीनही मुद्दे ऐकले, आपल्याच माणसांच्या तोंडून, आणि मला लाज वाटली.

सामने कमी? साथीच्या वर्षी, २०२० मध्ये, मेजर लीगनं मोसमच ६० सामन्यांचा ठेवला. डीजे लमेह्यूला .३६४ च्या सरासरीवर अमेरिकन लीगचं फलंदाजीचं विजेतेपद मिळालं, ह्वान सोटोला .३५१ वर नॅशनलचं. एकानंही म्हटलं नाही की हे पुसा. आणि निग्रो लीगचे अधिकृत सामने कमी का होते? काळ्या संघांना स्वतःची मैदानं बहुधा नव्हती, भाड्यानं घ्यावी लागत. पोटासाठी ते गावोगाव, बसमध्ये झोपत, मिळेल त्या संघाशी खेळत. ते सामने या हिशेबात धरलेलेच नाहीत. ज्यांनी त्यांना मैदान नाकारलं त्यांचेच वारस आता विचारतात, सामने इतके कमी का?

लीग कच्ची? १९६९ मध्ये एका समितीनं कोणत्या लीग 'मेजर' ते ठरवलं. सहा निवडल्या. त्यात १८८४ ची युनियन असोसिएशन होती. ही लीग एक मोसम चालली. तिचा अध्यक्ष हेन्री लुकास, आणि तोच सेंट लुईसच्या संघाचा मालक. त्यानं चांगले खेळाडू आपल्याच संघात भरले आणि संघ ९४ जिंकला, १९ हरला. विल्मिंग्टनचा संघ मोसमाच्या मध्यावर आला, २ जिंकला, १६ हरला आणि बुडाला. त्या लीगमध्ये फ्रेड डनलॅपनं मारलेली .४१२ ही सरासरी पन्नास वर्षं मेजर लीगची म्हणून छापली जाते. लुकासच्या त्या घरच्या कारभाराला मेजर म्हणताना कुणाचा गळा दाटला नाही. सॅचेल पेज, जॉश गिब्सन, ऑस्कर चार्ल्सटन, कूल पापा बेल ज्या लीगमध्ये खेळले तिचा १९६९ च्या त्या समितीनं विचारसुद्धा केला नाही. एका यादीतल्या लीग गोऱ्यांच्या होत्या आणि दुसऱ्या यादीतल्या काळ्यांच्या, यापलीकडे मला दुसरा निकष सापडलेला नाही, आणि मी निकष शोधण्यातच आयुष्य घालवलं आहे.

नोंदी अपुऱ्या? बरोबर. मग १९४७ पूर्वीच्या सगळ्याच नोंदी अपुऱ्या म्हणा. कॉबनं कारकिर्दीत लीगच्या सामन्यात एकाही काळ्या पिचरला तोंड दिलं नाही. रूथच्या ७१४ होमरनांपैकी एकही पेजच्या चेंडूवर नाही. त्यांच्या आकड्यांपुढे कधी कुणी शेरा मारला का, की कित्येक प्रतिस्पर्धी कुलूपबंद असताना मिळवलेले? मॅरिसला आठ सामने जास्त मिळाले म्हणून वेगळी ओळ सुचली. रूथला अख्ख्या एका वंशाच्या पिचरांपासून संरक्षण मिळालं, त्याला ओळ सुचली नाही.

गिब्सन २० जानेवारी १९४७ ला पिट्सबर्गमध्ये वारला. वय ३५. बारा आठवड्यांनी, १५ एप्रिलला, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि काळ्यांसाठी बंद असलेलं ते दार उघडलं. शौकीन ही 'तीन महिन्यांची' गोष्ट नशीब म्हणून सांगतात. नशिबाचा काय संबंध? गिब्सन १९३० पासून, विशीच्या आतून, खेळत होता. सतरा वर्षं दार बंद ठेवायचं, आणि माणूस मेला की तीन महिने मोजायचे.

कूपर्सटाउनच्या सन्मानदालनात त्याची पाटी १९७२ मध्ये लागली. तिच्यावर कोरलं आहे की त्यानं जवळजवळ ८०० होमरन मारले. तोपर्यंत आणि त्यानंतरही तीन वर्षं पिट्सबर्गच्या अ‍ॅलेघेनी स्मशानभूमीत त्याच्या थडग्यावर नाव नव्हतं. कुणी शोधायला गेलं असतं तर गवतातून फिरून परत आलं असतं.

येत्या जुलैत मी पुन्हा एडिसनला जाणार आहे. त्या तरुणाला आत्ताच कळवून ठेवलंय की या वर्षीचा पहिला प्रश्न मी विचारणार. ज्याची पाटी १९७२ मध्ये लागली, त्याच्या थडग्यावर नाव कधी लागलं? उत्तर १९७५. उत्तर देणाऱ्या मुलाला मी माझ्या हातानं टोपी देईन, पण टाळ्या वाजवू देणार नाही.